चि. भार्गवची पुडी

"पण तुम्ही खरे आहात, हे मी कशावरून मानायचं?"

विचारणारा अजून उंबऱ्याबाहेरच होता. चपला पायात. उजवा हात खिशात.

दस्तगीरबाबा सुपात तांदूळ निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "नका मानू."

"असं कसं? तीन तास एसटीत उभा राहून आलोय मी."

"मग बसा तरी, शेठ. न मानता बसा."

मी चुलीशी होतो, म्हणून हे सांगू शकतो. मी सखोबा. चाळीस वर्षं टांगा हाकला. घोडा गेला, तेव्हा दोन दिवस टेकायला म्हणून बाबांच्या तकियावर, म्हणजे या फकिराच्या ठाण्यावर आलो, तो अजून टेकलेलाच आहे. मला शास्त्रबिस्त्र कळत नाही. पण बुजणारं जनावर मला लांबून कळतं, आणि हा गडी बुजणारा होता.

तो आत आला. बसण्याआधी चटईचा कोपरा उचलून खाली पाहिलं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर त्याचा वास घेतला. मग माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही आधी प्या."

ताक फुंकून पिणारे मी पुष्कळ पाहिलेत. पाणी हुंगणारा हा पहिलाच. माझं डोकंच फिरलं. त्याच्यादेखत मी अर्धा तांब्या घटाघटा रिकामा केला आणि उरलेला त्याच्यापुढं आदळला.

तरी तो प्यायला नाहीच.

"भार्गव रेवणकर," तो म्हणाला. "सराफगल्लीत दागिने घडवायचा कारखाना आहे आमचा. वडिलांनी काढलेला."

बाबांची बोटं सुपात थबकली... मग पुन्हा चालू झाली.

इथं एक सांगून ठेवतो. फकिरी घेण्याआधी बाबा झारेकरी होते. सोनारांच्या कारखान्यांतला केर गोळा करायचा, पाटीत धुवायचा आणि धुळीत हरवलेला सोन्याचा कण न कण परत काढायचा, हा त्यांचा धंदा. धंदा सुटला, खोड सुटली नाही. तकियावरचा केरसुद्धा ते चिमटीत धरून उजेडात बघितल्याशिवाय टाकत नसत. चहाचा चोथासुद्धा! "बाबा, इथं कुठलं आलंय सोनं?" म्हणून मी रोज चिडवायचो. ते म्हणायचे, "नसंल. पण बघितल्याबिगर मूठ उघडत नाही, सखोबा."

रेवणकराला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"तुमच्याआधी तीन ठिकाणी जाऊन आलोय," तो म्हणाला. "पहिल्याचा अंगारा म्हणजे उदबत्तीची राख. दुसऱ्याला माझं नाव आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं. दोघांनाही मी तिथल्या तिथं पकडलं."

"आणि तिसरा?"

"तिसऱ्याचं काही सापडलं नाही."

"मग?"

"म्हणून तर जास्त संशय आला."

बाबा खो खो हसले. मला हसू आलं नाही. असल्या माणसाला वेशीवरूनच परत पाठवावं, असं माझं मत.

"काय काम काढलंत, शेठ?"

तो जरा पुढं सरकला. आधी दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"याला बाहेर पाठवा."

"सखोबाला? त्याचा भात आहे चुलीवर. करपला तर दोघांनाही उपास."

तो माझ्याकडं पाठ करून मग हळू आवाजात बोलला.

"मला एक मुलगी आहे. शर्वरी. सात वर्षांची. आज एकवीस दिवस झाले, माझ्याशी एक शब्द बोललेली नाही."

"आजारी?"

"छे! आईशी बोलते. शेजाऱ्यांशी बोलते. मांजराशी तर तासन्‌तास बोलते. मी खोलीत आलो की गप्प."

"मग?"

"कुणीतरी तिचे कान भरलेत. तुम्ही माणसाच्या आतलं ओळखता म्हणतात. मला उपदेश नको. फक्त नाव सांगा."

"तुमचा संशय कुणावर?"

"बायकोवर आहे. मेहुण्यावर आहे. शाळेतल्या बाईंवर तर पक्काच."

"आणखी?"

"तुम्ही म्हणाल त्याच्यावर."

मला ठसका लागला. बाबांनी डोळे वटारले, म्हणून मी लाकूड सारल्यासारखं केलं.

आणि मग त्या माणसाचा आवाज एकदम बसला.

"एकुलती एक आहे हो. ती परक्यासारखी बघते ना, तेव्हा माझ्याच घरात पाय ठेववत नाही. मला बाकी काही नको. एकदा हाक मारू दे तिनं."

मघाशी तांब्या आदळला, त्याची मला लाज वाटली. थोडी.

"शेवटचं काय बोलली?" बाबांनी विचारलं.

"ते महत्त्वाचं नाही."

बाबा तांदूळ निवडत राहिले. एक खडा काढला. उजेडात धरून पाहिला. टाकला...

"शाळेचं गॅदरिंग होतं," तो म्हणाला. "नाचात फुलपाखरू झाली होती. घरी आली, मी नेहमीसारखे तिचे केस विंचरायला घेतले. रोज संध्याकाळी मीच विंचरतो. मांडीवर पांढरा पंचा पसरायचा, तिनं त्यावर मान खाली घालायची, मी फणी फिरवायची. तर त्या दिवशी पंच्यावर काहीतरी चमकलं."

"काय?"

"पिवळं. बारीक. आता आमच्या धंद्यात असं काही दिसलं की..."

त्यानं खिशातला हात पहिल्यांदाच बाहेर काढला. तळव्यावर काळा गुळगुळीत दगड होता. कसोटी. सोनं घासून त्याचा कस बघतात, तो दगड.

"हा कायम जवळ असतो माझ्या. मी घासून बघितलं."

"तिच्यासमोर?"

"तिच्यासमोरच! पाठीमागं बघितलं असतं, तर संशय घेतल्यासारखं झालं असतं."

चुलीवर भात तेवढा रटरटत होता.

"कस उतरला?"

"कुठला! चमकी होती ती. बाईंनी सगळ्याच पोरींच्या केसांत लावली होती."

"मग?"

"मग काय? खोटी निघाली. फुंकून टाकली."

"आणि पोर?"

...

"म्हणाली, 'पप्पा, ती माझी होती.'"

एवढं बोलून तो घाईघाईनं पुढं म्हणाला, "आता तुम्हीच सांगा. चोर म्हटलं असतं तर रुसणं मी समजू शकतो. मी तर तिला निर्दोष ठरवलं होतं!"

बाबांनी सूप खाली ठेवलं.

"पोर कारखान्यात येते?"

"छे! कारखान्याची पायरीसुद्धा चढू देत नाही मी तिला."

"मग तिच्या केसांखाली पंचा कशाला?"

"कशाला म्हणजे?" तो गोंधळला. "केस विंचरायचे म्हटल्यावर पंचा नको? तसंच विंचरतात ना?"

बाबा माझ्याकडं वळले. "सखोबा, तुझी आई तुझे केस कशावर विंचरायची?"

"कशावर म्हणजे? पायरीवर बसून."

"खाली काय पसरायची?"

"पसरायला काय पापड घालायचे होते? केस गळले तर गळले."

रेवणकर माझ्याकडं बघत राहिला. मी थापा मारतोय, अशी त्याला दाट शंका आलेली दिसली. मग तो हळूच म्हणाला, "सगळ्यांकडं पसरत नाहीत?"

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? दादा... म्हणजे माझे वडील, ते तसेच विंचरायचे."

आणि त्याचा चेहरा निवळला. आल्यापासून पहिल्यांदा.

"आमच्या कारखान्यात रीत होती. काम सुटलं की प्रत्येक कारागिरानं घमेल्यात हात धुवायचे, कपडे झटकायचे, पंच्यावर केस विंचरायचे. अंगावर सोन्याची धूळ बसते, ती बाहेर जायला नको. कारागीर आपापले विंचरायचे. माझे मात्र दादा स्वतः विंचरायचे. शाळा सुटली की मी कारखान्यात जाऊन बसायचो, कामापासून लांब, दाराशी. सगळ्यांच्या आधी माझा नंबर! आई मी लहान असतानाच गेली. दादा बोलायचे कमी. पाठीवर हात नाही, जवळ घेणं नाही, काही नाही. पण विंचरायचं एक दिवस चुकवलं नाही त्यांनी. तापानं फणफणलो होतो, कारखान्यात गेलोच नव्हतो, तरी उशाशी बसून विंचरलं. कुठल्या बापानं एवढं केलंय, सांगा."

त्याचे डोळे भरून आले होते. मला माझा बाप आठवला. त्यानं मला फक्त चाबूक धरायला शिकवला.

बाबांनी सूप बाजूला सारलं.

"भार्गव," मग ते म्हणाले. शेठ गेलं, अहो-जाहो गेलं. "रेवणकरांच्या कारखान्याची धूळ मी धुतली. अठरा वर्षं."

तो ताडकन उभा राहिला.

"मला वाटलंच! आवाज ऐकल्यासारखा वाटत होता. मग आल्या आल्या का नाही सांगितलंत? काय लपवत होता?"

"तू विचारलं नाहीस."

"खरा माणूस न विचारता सांगतो!"

"म्हणून तर सांगतोय. दर अमावास्येला तुझे दादा मला केराचं पोतं द्यायचे. त्या पोत्याबरोबर एक पुडी असायची. वेगळी बांधलेली. वर शाईनं नाव लिहिलेलं, चि. भार्गव."

"कसली पुडी?"

"तुझ्या केसांतली."

...

"वेगळी? वेगळी कशाला?"

"वेगळी धुवायला."

तो उभाच होता. मग कधी खाली बसला, त्याचं त्याला कळलं नसावं.

"काय निघायचं?"

"केस. कोंडा. एकदा उवा."

"सोनं?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. मी तसं सांगायचो. मालक, पोराच्या पुडीत काही नाही. तुझे दादा म्हणायचे, 'नीट धू.'"

मी चुलीतला निखारा उगाच इकडचा तिकडं करत बसलो. वर बघवेना.

"किती वर्षं?"

"तुला मिसरूड फुटेस्तोवर."

मग तो भडकला. असा भडकला, की माझा हात आपसूक चिमट्याकडं गेला.

"खोटं! साफ खोटं! निघत असणार सोनं. तुम्हीच ठेवून घेत असणार आणि दादांना नाही म्हणून सांगत असणार. गळ्यात माळ घातली म्हणून मी फसेन होय?"

बाबा रागावले नाहीत. उलट प्रेमानं विचारलं, "म्हणजे तू सोनं चोरायचास?"

"मी? मी कशाला चोरीन?"

"मग पुडीत कुठनं येणार?"

खरं सांगतो, बाप संशयी ठरण्यापेक्षा स्वतः चोर ठरलेलं त्या माणसाला चाललं असतं.

पण एक कबूल करतो. त्या घटकेला मलाही शंका आली. बारा वर्षं बाबांजवळ राहिलो, ही पुडी कधी ऐकली नव्हती. गड्याला ताळ्यावर आणायला बाबांनी आत्ताच बांधली नसेल ना?

त्याच्याही मनात तेच आलं.

"पुरावा काय?"

"धुतलेली धूळ कोण जपून ठेवतं, बेटा?"

"मग मी मानायचं कसं?"

"नको मानू. तू आल्या आल्याच मी सांगितलं होतं."

तो दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "ठीक आहे. समजा, खरं. मग एकच सांगा. दादा माझे लाड करत होते, की झडती घेत होते? दोन्हीपैकी काय ते एक सांगा. मी परत काही विचारणार नाही."

"तू पोरीचं काय करतोस?"

"लाड!" तो ओरडला.

भात उतू गेला. मी झाकण काढलं.

"लाडच करतो हो..." आता आवाज अगदी बारीक झाला होता. मुठीत तो काळा दगड होताच.

"सखोबा," बाबा म्हणाले, "फणी आण."

आता आमच्याकडं कुठली फणी? मला टक्कल, बाबांच्या जटा. पण माझ्या बोचक्यात एक होती. माझ्या घोड्याची. आयाळ विंचरायची, लाकडी, रुंद दातांची. तो गेल्यापासून ती मी कुणाला दाखवली नव्हती. ती आणून दिली.

"ये. बस इथं," बाबा म्हणाले. "मान खाली घाल."

तो फणीकडं बघत राहिला. मला वाटलं, हिचाही वास घेणार. पण आला. बाबांच्या पायाशी बसला. आणि बसता बसता त्यानं दुसऱ्या खिशातून मोठा पांढरा रुमाल काढला, झटकला, आणि स्वतःच्याच मांडीवर नीट पसरला. चारी कोपरे ओढून घेतले.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बाबा विंचरू लागले. सावकाश. घाईचं काम नसल्यासारखं.

एकदा... दोनदा... दहादा...

दगड त्याच्या मुठीतून सुटून चटईवर पडला. मग दोन्ही हात वर आले. तळवे उघडे, बोटं फाकलेली, कानांच्या दोन्ही बाजूंना. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि घशातून आवाज निघाला तो पोराचा.

"माझ्याकडं काही नाही, दादा."

बाबांचा हात थांबला नाही.

आपलं बोलणं त्यानं स्वतःच ऐकलं असावं. कारण तो एकदम ताठ झाला आणि आपल्याच उघड्या हातांकडं बघत राहिला.

"शर्वरी..." तो म्हणाला. "विंचरताना शर्वरी असेच हात वर करते. मी शिकवलं नाही हो तिला. देवाशपथ नाही. मला वाटायचं, नाचातलं काहीतरी करतेय."

आणि मग तो रडला. तोंड लपवून नाही, चांगला मोठ्यानं. माझं नाक वाहायला लागलं. धूर होता म्हणा, पण सगळाच काही धुराचा दोष नव्हता.

बाबांनी त्याला गप्प केलं नाही. एका जागी केस गुंतले होते, तिथं फणी ठेवून बोटांनी गुंता सोडवला. भांग पाडला. फणी माझ्याकडं दिली.

मग त्याच्या मांडीवरचा रुमाल चारी कोपरे धरून उचलला आणि दारापाशी गेले. बाहेर लख्ख ऊन होतं. मी मनात म्हटलं, आता धरतील उजेडात, आता बघतील.

बाबांनी हात लांब केला आणि रुमाल वाऱ्यावर झटकून टाकला. नजर वळवलीसुद्धा नाही.

रेवणकर धडपडत उठला.

"अहो! आधी बघायचं तरी! काय होतं त्यात?"

बाबांनी रुमालाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"मला काय ठाऊक, बेटा? मी केस विंचरत होतो."